सातव्या महिन्यातलं मीठ

पेरूच्या फोडीवरच्या तिखट-मिठाचा वास आला की मला नव्वदच्या दशकातलं ते कोल्हापूर आठवतं. मला सातवा महिना होता आणि पाय असे सुजलेले की चपलेच्या पट्ट्यात शिरेनात. सासूबाईंनी घाबरून माझं मीठच तोडलं. त्यांच्या हातचा पांढरा रस्सा मी अळणी, निमूट गिळायची. पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाई हसल्या. "प्रेशर उत्तम आहे. गरोदरपणातले हार्मोन मीठ बाहेर घालवायला बघतात, म्हणून किडनीवरची ग्रंथी मीठ धरून ठेवणारा हार्मोन जास्त बनवते. थोडी सूज येणारच. मीठ कशाला तोडलं?" बाहेर येताच सासूबाई पेरूच्या गाडीवाल्यावर ओरडल्या, "तिखट-मीठ चांगलं दाबून लाव की रं!" आणि पेरूची पहिली फोड त्यांनी स्वतःच्याच तोंडात टाकली. मी बघतच राहिले. डोळे मिटून चघळत त्या म्हणाल्या, "तू अळणी खाणार आन् मी चवीनं जेवू व्हय? इतकं दिस जिभंची चवच गेलती की." आज माझ्या सुनेचे पाय सुजलेत, प्रेशर ठीक आहे. मी पेरू चिरला, तिखट-मीठ लावलं, आणि पहिली फोड माझ्याच तोंडात टाकली.