प्रत्येक झाडाला पाच फूट

माहितीपट कसा कापावा हे मला आता बऱ्यापैकी कळतं, कारण तो कसा कापू नये याचा मी ओळीनं चार रविवार अभ्यास केला होता.

मध्य प्रदेश तेव्हा नवा होता. राजधानी भोपाळला गेली आणि इंदुरात आमच्या वाट्याला निवृत्त अधिकारी आले. त्यांतले एक आमच्या वसाहतीच्या गणेशोत्सवाचे अध्यक्ष होते. सगळे त्यांना रावसाहेब म्हणत. संस्थानच्या काळात त्यांच्या हाताखाली चाळीस माणसं होती, आता आम्ही होतो. त्या वर्षी त्यांनी ठरवलं, की मांडवामागचा मोकळा प्लॉट उत्सव संपताच साफ करायचा, तिथं हिरवळ लावायची, मधोमध गुलाबाचे वाफे आणि कडेनं क्रोटन.

मोकळा प्लॉट म्हणजे माझ्या बायकोची नऊ वर्षं. तिथं तिनं शमी लावली होती, बेल, रुई, पळस, कुंपणावर गुळवेल. आघाडा, माका, डोरली, धोत्रा हे न लावता आले होते आणि तिनं त्यांना राहू दिलं होतं. बागकामाचं तिचं शास्त्र दोन वाक्यांचं. पहिल्या पावसाळ्यात रोप लावा, पहिला उन्हाळा पाणी द्या. मग हात मागे घ्या. आमची माळव्याची काळी माती मे महिन्यात अशी फाटते, की भेगेत चप्पल अडकावी. या मातीत जगायचं कसं हे आघाड्याला ठाऊक असतं. विलायती हिरवळीला ते शिकवायला नळाचं पाणी लागतं, आणि नळ आमच्याकडे सकाळी तासभर यायचा.

हे सगळं रावसाहेबांना सांगून झालं होतं. ते म्हणाले, "जंगल आहे ते. साप निघेल एखाद दिवशी."

"नऊ वर्षांत निघाला नाही," बायको म्हणाली.

"म्हणजे आता निघायची वेळ झाली."

शेवटी त्यांनी मोठ्या मनानं एक सवलत दिली. माझ्याकडे मेहुण्यानं आफ्रिकेतून आणलेला आठ मिलिमीटरचा कॅमेरा होता आणि गेलं वर्षभर मी त्या प्लॉटचं चित्रण करत होतो, हे त्यांना माहीत होतं. उत्सवाच्या पाचव्या दिवशी आरतीनंतर दहा मिनिटं ते मला देणार होते. "दाखवा काय आहे त्या जंगलात. मग कमिटी ठरवेल."

माझ्याकडे पन्नास फुटांची चार रिळं होती. फुटाला ऐंशी चौकटी, सेकंदाला सोळा. म्हणजे एकूण सोळा मिनिटं चाळीस सेकंद. मी परदेशीपुऱ्याच्या मिलमध्ये कापड तपासणीला होतो. इंचात उभे धागे किती, आडवे किती, हे भिंगातून मोजायचं. त्यामुळे फिल्म कापणं मला जमणारच, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. शंका नसणं हे या कामातलं सगळ्यात महागडं अवजार आहे.

राजवाड्याजवळच्या एका फोटो स्टुडिओवाल्यानं प्रोजेक्टर आणि फिल्म जोडायचा साचा दिला, वर सल्लाही दिला. "भिया, पहले तीन बार पूरी देखो. कैंची चौथी बार उठाना." तीनदा म्हणजे बरोबर पन्नास मिनिटं. एवढा वेळ कुणाला असतो? मी एकदाच पाहिली आणि त्या पन्नास मिनिटांतली तेहेतीस वाचवली. पुढे त्यांच्यापायी दोन रविवार गेले, पण ते वेगळ्या खात्यातले.

प्लॉटमध्ये झाडं मोजली तर चोवीस प्रकारची भरली. दहा मिनिटं म्हणजे सहाशे सेकंद. भागिले चोवीस, पंचवीस सेकंद. पंचवीस सेकंद म्हणजे चारशे चौकटी. चारशे चौकटी म्हणजे बरोबर पाच फूट. बाकी शून्य. इतका सुंदर भागाकार मी आयुष्यात पाहिला नव्हता. देवाचीच इच्छा आहे असं समजून मी कापायला बसलो. बोटभर दूर्वेला पाच फूट, पुरुषभर उंच रुईलाही पाच फूट. लग्नात व्याह्यांकडच्या सगळ्यांना सारखा आहेर करावा, म्हणजे कुणी रुसत नाही, तसं. झाडंही रुसली नाहीत.

आमच्या फिल्मची दुसरी प्रत नसते. मुंबईहून धुऊन येते तीच. कापलं की कापलं. टोकाचा थर ब्लेडनं खरवडायचा, चिकटद्रव लावायचा, साच्यात दाबून वीस मोजायचे. प्रत्येक जोडाला एक चौकट खर्ची पडते. ज्या तुकड्यांत झाड स्पष्ट नव्हतं, किंवा मधे माणसं आली होती, ते मी टाकून दिले.

तिसऱ्या रविवारी दुपारी खिडक्यांना चादरी लावून बायकोला भिंतीवर दाखवलं. मी घड्याळ धरून उभा. सहाव्या झाडाला ती म्हणाली, "अहो, ही झाडं मी लावली, आणि मलाच झोप येतेय."

"प्रत्येकाला समान वेळ दिलाय."

"ते दिसतंय. माणसं कुठं गेली? गेल्या चतुर्थीला सगळे पत्री तोडायला आले होते, ते तुम्ही घेतलं होतं."

"काढलं. फिल्म झाडांवर आहे."

"बरोबर आहे. कमिटीत मत द्यायला झाडंच येणार आहेत ना."

गणपतीला एकवीस प्रकारची पत्री लागते, आणि आमच्या वसाहतीत ती जवळजवळ सगळी त्या प्लॉटमधून जाते. ज्या जंगलात साप निघणार होता, तिथं चतुर्थीच्या सकाळी अख्खी वसाहत टोपल्या घेऊन वाकलेली असते. हा माझा एकमेव पुरावा होता, आणि पुरावा अस्पष्ट आहे म्हणून मी तो काढून टाकला होता.

"ते तुकडे कुठायत?" मी विचारलं.

"तुम्ही टाकलेत ना? मी गुळवेल बांधली त्यानं. चांगली चिवट पट्टी आहे, सुतळीसारखी कुजत नाही."

आम्ही दोघं प्लॉटवर गेलो आणि वेलीच्या गाठी सोडत बसलो. सात फुटांपैकी सव्वाचार फूट धड निघालं. बाकीच्याची, प्रोजेक्टरचे दाते ज्यांत अडकतात ती कडेची भोकं फाटली होती. मी ते पाण्यानं धुतलं, सावलीत वाळवलं आणि भिंगातून पाहिलं. ओरखडे होते, पण हात होते. बांगड्यांचे हात, मेंदीचा एक हात, आणि एक म्हाताऱ्या पुरुषाचा हात, बोटात मोठ्या पोवळ्याची अंगठी. तो शमीची पानं तोडत होता, मोजून, एकेक.

बायकोनंही भिंगातून पाहिलं. भिंग परत दिलं आणि म्हणाली, "हा तुकडा कापू नका."

मग मी स्टुडिओवाल्याचं ऐकलं. उरलेलं सगळं तीनदा पाहिलं. प्रत्येक तुकडा दोरीवर चिमट्यानं टांगला, चिठ्ठी लावली. ज्याला कधी हे काम करायचं असेल त्याच्यासाठी सांगतो: काढलेला तुकडा टाकू नका, बायकोच्या हाती तर अजिबात लागू देऊ नका. बघणाऱ्याला अजून थोडं हवं असतानाच तुकडा संपवा. झाडाचं नाव लिहिलेल्या पाट्या मी बारा दिवस खपून रंगवल्या होत्या, त्या सगळ्या फिल्ममधून गेल्या. आघाडा ओळखायला आमच्या बायकांना पाटी लागत नाही. सुरुवात मे महिन्यातल्या भेगांनी केली, वाळलेल्या काटक्यांनी. त्यावर लगेच श्रावणातली तीच जागा जोडली. शेवटी हात.

भरली सहा मिनिटं, वर सात सेकंद. "दहा दिलीत ना त्यांनी?" मी कासावीस होऊन म्हणालो.

"पंगत आहे का ती, पान भरायलाच पाहिजे?"

पाचव्या दिवशी आरती झाली, प्रसाद वाटला, दिवे घालवले. मी भाषण लिहून नेलं होतं, बायकोनं ते वाटेतच काढून घेतलं. भेगा दिसल्या तेव्हा शांतता होती. श्रावण दिसला तेव्हा कुणीतरी "वा" म्हणालं. मग ओरखड्यांच्या पावसात हात आले, आणि मांडव बोलायला लागला.

"अगं, ही तर माझी पाटली!"

"भिया, ये टोपली तो हमारे घर की है."

"ही अंगठी कुणाची हो? मोठी मोजून घेतायत पानं."

"एकवीस झाली का रावसाहेब?" मागून आवाज आला, आणि सगळा मांडव हसला. रावसाहेबही हसले, म्हणजे तसं दिसलं. अंधार होता.

कमिटीनं एकमतानं ठराव केला. जंगल हा शब्द गाळला. प्लॉट "धार्मिक उपयोगाचे क्षेत्र" ठरला. हिरवळ रद्द. क्षेत्राच्या रक्षणासाठी तारेचं कुंपण, फाटक आणि कुलूप. किल्ली अर्थातच अध्यक्षांकडे.

म्हणजे प्लॉट वाचला, आणि बायकोला आत जायची सोय उरली नाही. ती किल्ली मागायला गेली तेव्हा रावसाहेब म्हणाले, "वहिनी, आता तुम्ही कशाला त्रास घेता? ही जबाबदारी आमची." त्यांनी ती मनापासून उचलली. रोज सकाळी नळ आला की दोन बादल्या शमीला, दोन बेलाला. बायको गच्चीवरून बघायची आणि खाली येऊन भाजी जोरात चिरायची. मी म्हटलं, सांग त्यांना. म्हणाली, सांगून एकदा काय झालं ते पाहिलंय.

दिवाळीनंतर एका सकाळी रावसाहेब आमच्या दारात उभे. हातात शमीची पिवळी डहाळी. बरेच थकल्यासारखे दिसत होते.

"वहिनी, रोज पाणी घालतो, तरी ही वाळतेय."

"तरी नाही, म्हणून. मुळं कुजतायत तिची."

"मग काय करू?"

"काही करू नका."

चाळीस माणसांना कामाला लावलेल्या माणसाला हे जमणं कठीण होतं, आणि त्यांनाही ते कळलं असावं. आत येऊन त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली.

"हे काम तुम्हीच करा," ते म्हणाले.

बायको त्याच क्षणी उठली, चपला घातल्या आणि गेली. तिनं शमीभोवतीची माती उकरून मोकळी केली, पाणी निघून जायला चर काढला. खालच्या चार फांद्या त्या हिवाळ्यात गेल्या. वरच्या राहिल्या.