बन्नूरचं शेवटचं केळं

कुठल्याही लॅबमध्ये दोन गोष्टी आपोआप साठतात, रिकाम्या बाटल्या आणि किस्से. बाटल्या निदान कधीतरी भंगारात जातात. किस्से मात्र दर जेवणाच्या सुट्टीत डब्याबरोबर पुन्हा उघडतात, थोडं तिखट-मीठ लावून! आमची म्हैसूरची लॅब छोटी, त्यामुळे माणसंही तीच ती. प्रमुख नागरत्ना मॅडम, कापकामात हात बसलेली अंबिका आणि साताऱ्याहून आलेला मी.

काम सांगायला सोपं आहे. एखाद्या अवयवाचा नाहीतर फळाचा तुकडा गोठवायचा, त्याची केसाहून पातळ चकती कापायची, काचेवर चिकटवायची, वर औषधाचा फवारा मारायचा आणि मशीनला द्यायची. मशीन लेझर मारत पुढं सरकतं आणि कुठं कुठला पदार्थ आहे याचा रंगीत नकाशा काढतं. मशीन हुशार आहे, पण चोंबडं! जे दाखवायचं नाही तेही दाखवतं.

*

माझा पहिला आठवडा. उंदराच्या मूत्रपिंडाची चकती काचेवर घेतली, पण ग्लोव्हज घालायचे राहिले. म्हटलं, काच कोपऱ्यातच तर धरलीय!

दुसऱ्या दिवशी स्क्रीनवर मूत्रपिंड आलं, आणि शेजारी त्याहून देखणा माझा अंगठा. रेघ न् रेघ! बोटाला जरासं तेल असतं, मशीनला तेवढं पुरतं.

अंबिकाचं घराणं मराठी, पण पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरचं, वडिलांचं टेलरिंगचं दुकान. तिची मराठी निम्मी कानडीत बुडालेली. ती ओरडली, "अय्यो, अंगठा दिलास की रे सातारा! रेशन न्यायला आलास काय?"

मॅडमनी तो नकाशा प्रिंट करून नोटीस बोर्डावर लावला. खाली लिहिलं, 'सुस्वागतम्'. मग मला बाजूला घेऊन शांतपणे म्हणाल्या (त्या कानडीत बोलतात, मी मराठीत सांगतोय), "इथं ग्लोव्ह काढला की माणूस लॅबच्या बाहेर. मीसुद्धा."

*

चकती कापताना ती पात्यावर गुंडाळते. ती ब्रशनं हळूच उलगडावी लागते, आणि नेमका तेव्हा श्वास सोडला की वाफेनं वितळते. म्हणून अंबिका श्वास रोखून बसते.

एकदा तिला बघायला पाहुणे आले. मुलाच्या आईनं विचारलं, "दिवसभर काय काम असतं गं?"

अंबिका म्हणाली, "जास्ती काही नाही. सुम्मने, गप्प आपलं, श्वास धरून बसायचं."

पाहुणे चहा अर्धा टाकून उठले. मॅडमना कळलं तेव्हा म्हणाल्या, "बरं झालं. ज्याला तुझ्याबरोबर दोन मिनिटं गप्प बसता येईल, तोच बघ." तेव्हापासून अंबिका स्थळाचा फोटो बघायच्या आधी तो किती बोलतो ते विचारते!

*

म्हैसूरला आयुधपूजेला झाडून सगळ्या यंत्रांची पूजा होते. रिक्षा, शिलाई मशीन, मिक्सर, काही सुटत नाही. मग आमच्या कापयंत्रानं काय पाप केलं होतं? अंबिकानं त्याच्या दाराला हळद-कुंकू लावलं, झेंडू वाहिला, कापूर ओवाळला. मी बाहेर कोहळा फोडला. सगळं यथासांग!

दसरा झाला आणि त्यानंतरच्या प्रत्येक नकाशात काहीतरी भलतंच चमकायला लागलं. आम्ही काचा बदलल्या, फवाऱ्याची नळी धुतली, एकमेकांच्या हातांचे वास घेतले. शेवटी मॅडमनी ब्रश उजेडात धरला. केसांच्या मुळाशी पिवळी छटा होती.

अंबिका रडायच्या बेताला आली. मॅडम म्हणाल्या, "रडतेस कशाला? उंदरालाही सण घडला!" आणि स्वतः बसून सगळं यंत्र पुसून काढलं.

पुढच्या वर्षी पूजा झाली, पण बंद दाराच्या बाहेरून. झेंडूची माळ कॉरिडॉरमध्ये. देवाला चालतं, मॅडम म्हणाल्या.

*

एका दुपारी फ्रीजर बंद पडला. आत सगळ्यांचे नमुने. मॅडमनी पदर खोचला आणि कोरड्या बर्फाच्या पेटीत आधी माझे, मग अंबिकाचे नमुने हलवले. सगळ्यात शेवटी वरच्या कप्प्यातल्या एका छोट्या डबीकडं वळल्या. डबी जागेवर नव्हती.

मॅडमचा चेहरा उतरला. त्या कप्प्याला धरून तशाच उभ्या राहिल्या.

अंबिका म्हणाली, "मॅडम, ती मी सगळ्यात पैलं ठेवली. पेटीत तळाला आहे बघा."

त्या डबीत केळ्याचे तुकडे होते. मॅडमचं माहेर बन्नूरजवळ. वडिलांच्या बागेत रसबाळे या तिकडच्या खास जातीच्या केळीचं एक बेट होतं. वडील गेले, आणि मागोमाग रोगानं केळीही गेली. त्या बेटाचं शेवटचं केळं मॅडमनी इथं आणून गोठवलं होतं. निवृत्त होण्याआधी त्यांना एकच हवं होतं, त्या केळ्यात गोडवा नेमका कुठं असतो त्याचा एक अख्खा नकाशा.

त्या दिवशी बर्फाच्या पेटीशी बसून त्या पहिल्यांदा घरचं बोलल्या. "अण्णा घडाला कुणाला हात लावू देत नसत, डाग पडतो म्हणायचे. स्वतः मात्र अंगठ्यानं हलकेच दाबून बघायचे. मग म्हणायचे, अजून नाही. नाहीतर म्हणायचे, पिकलंय. बस, तेवढंच. आम्ही पोरं त्या एका शब्दाची वाट बघत उभे."

*

केळं कापणं म्हणजे महाकठीण! सगळं पाणी आणि साखर. पात्याला लागलं की भुगा. एकेक तुकडा वाया जात डबीत शेवटचा राहिला, आणि मॅडमचा नोकरीतला शेवटचा आठवडा उजाडला.

अंबिकानं तुकड्यावर पातळ चिकट फिल्म लावली आणि कापयंत्राचं चाक फिरवलं. मॅडमच्या हातात ब्रश. तिघांनीही श्वास रोखला. चकती सुटली. अख्खी! मधले बियांचे ठिपके जागच्या जागी. ती काचेवर बसली तेव्हा आम्ही तिघं एकदम श्वास सोडून हसलो.

मॅडम हसता हसता थांबल्या. त्यांनी उजव्या हाताचा ग्लोव्ह काढला, आणि काचेच्या रिकाम्या कोपऱ्यात अंगठा हलकेच टेकवला.

मी तोंड उघडलं. अंबिकानं माझ्या पायावर पाय दिला.

"लावा मशीनला," मॅडम म्हणाल्या.

मशीननं कुठवर वाचायचं ती चौकट आपण आखून द्यायची असते. अंबिकानं ती केळ्याभोवती आखली. मग कुणाला न विचारता पार कोपऱ्यापर्यंत ओढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नकाशा आला. मधोमध गोल चकती, गाभ्याशी गोडवा लख्ख चमकत होता. कोपऱ्यात अंगठा, रेघ न् रेघ.

मॅडमनी चष्मा काढून पुसला, परत घातला. आम्ही दोघं मागं उभे.

"पिकलंय," त्या म्हणाल्या.