गाणी मासळीची, ताटात भोपळा

माझा भाऊ मासळी न खाल्ल्यामुळे मेला नाही.

हे आधी क्लिअर करते, कारण वर्षभर तेच ऐकून कान किटलेत. मयताला आलेली माणसंसुद्धा कुजबुजत होती, "नुसता पाला खायचा हो, अंगात ताकद कुठून राहणार?"

अहो, प्रोग्रॅमवरून परत येताना हायवेवर डंपरने गाडी उडवली.
डंपर काय मेनू विचारून धडक देतो?

आज वर्ष झालं.

तुमच्यासाठी तो स्टार. आमच्या किनाऱ्यावर हळदीला त्याची गाणी वाजल्याशिवाय डीजेवाल्याला कोणी घरी जाऊ देत नाही. माझ्यासाठी तो नंदू, माझ्या पाठचा. चिंचणीच्या मच्छीमार घरातला.

गाणी सगळी मासळीची, आणि ताटात भोपळा!

मोठा झाला, नाव झालं, आणि एक दिवस घरी येऊन बोलला, "आई, आजपासून मासळी नाय, मटण नाय, अंडं नाय, दूधपण नाय."
याला व्हीगन म्हणतात म्हणे.

आईला वाटलं, पोराला कावीळ झाली.

ती बिचारी कालवणातले तुकडे बाजूला काढून त्याला नुसता रस वाढायची. "तुकडा नाय घातला रे, वेज हाय!"
वांग्यात सुकट दिसली आणि त्याने ताट सरकवलं, तर म्हणाली, "सुकट कुठे मासळी? ती तर चवीला."

आत्या दुधावरून भांडायची. "गाय तर आपणहून देते रे."
"तुला कधी आणून दिलंय का आत्या, तांब्या घेऊन?"

शेवटी त्याने आईला सांगून टाकलं, नवस केलाय.
झालं! आईने हात जोडले. एवढंच विचारलं, "कुठल्या देवाला?"
"नाव सांगू नको बोललाय."

त्या दिवसापासून घरात त्याचा टोप वेगळा.

मला मात्र चैन पडेना. टीव्हीवाल्यांना सांगायचा, प्राण्यांनापण जगायचं असतं. शेजाऱ्यांना सांगायचा, ॲसिडिटी. मी विचारलं की नुसता हसायचा.

आणि खरं सांगू? माझ्या पोटात दुसराच प्रश्न होता.

मी सुकी मासळी विकते. माझ्या पदराला वास, केसांना वास, घराला वास. म्हटलं, ह्याला आता आमची किळस येते का?
हे तोंडावर विचारायची माझी हिंमत नव्हती. एरवी मी कोणाच्या बापाला घाबरत नाही.

मग ती मार्चमधली दुपार, तो गेला त्याच्या आदल्या वर्षीची.

संध्याकाळी पालघरला त्याचा मोठा प्रोग्रॅम होता, म्हणून जेवायला घरी आलेला. आणि अचानक आभाळ काळं झालं. अवकाळी! किनाऱ्यावर बांबूच्या वलांडीवर, म्हणजे उंच बांधलेल्या आडव्या दांड्यांवर, आमचे बोंबील वाळत घातलेले. भिजले की कुजलेच.

मी नि आई धावत सुटलो. मागे वळून बघते तर नंदू. स्टेजचा पांढराशुभ्र कुर्ता अंगात, आणि दोन्ही हातांनी बोंबील काढतोय.

"अरे तू सोड! तुला चालत नाय ना?"
"खायला चालत नाय. एकदा मारलेत ना त्यांना, आता कुजवून फुकट नको घालवू. टोपली दे इकडे."

सगळं गोळा करून, वर ताडपत्री ओढून आम्ही आडोशाला बसलो. बोंबील वाळत घालताना एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवतात. तशी एक जोडी त्याच्या हातात राहिलेली. तिच्याकडे बघत होता.

"ताई, बाबांच्या बोटीवर जाळं वर आलं ना, की सगळी मासळी तोंड उघडायची नि मिटायची. आवाज काय नाय. माईकसमोर उभा राहिलो की मला तेच दिसायला लागलं. मीपण तोंड उघडतो नि मिटतो. माझा आवाज येतो, एवढाच फरक."

असलं कारण मी जन्मात ऐकलं नव्हतं. मला हसावं की काय करावं कळेना. आई तर म्हणाली, "नवसाचं काय मग?"

संध्याकाळी मी हॉलमध्ये तिसऱ्या रांगेत बसले. दोन गाणी झाली, आणि निवेदिकेने माईकवर विचारलंच.
"घरी मासळीचा धंदा आणि तुम्ही व्हीगन! घरच्यांना समजावत नाही का?"

मी खुर्चीत खाली सरकले.

नंदू म्हणाला, "मी माझ्या ताटापुरतं बोलतो. आईच्या टोपलीवर मी मोठा झालो, तिला मी काय शिकवणार? आणि ती बघा, तिसऱ्या रांगेत माझी ताई बसलीय. चिंचणीला सुकी मासळी विकते. एक नंबर असते. जे खातात त्यांनी तिच्याकडूनच घ्या."

अख्खा हॉल हसला. टाळ्या. सगळ्यांच्या माना माझ्याकडे.
मी पदर तोंडावर घेतला. लोकांना वाटलं लाजली. मी रडत होते.

बाहेर गाडीजवळ आल्यावर त्याला झापलं. "एक नंबर असते म्हणे! तू खातोस कुठे?"
"लहानपणापासून खाल्लीय ना. चव थोडीच विसरलोय?"
"आठवण येते?"
"रोज येते."
"मेल्या, मग खा की!"
"आवडत नसती तर सोडली काय नि धरली काय, ताई? आवडते, म्हणून तर सोडली बोलायला अर्थ हाय."

  मी बोंबील विकते, खाते आणि खाणार.
पण त्याला माझी किळस येते का, हे मी पुन्हा कधी मनात आणलं नाही.

नंदू, तुझ्याशी अजून पुष्कळ भांडायचं होतं रे.
नीट जा, बाळा.

तुझी ताई