आनी-आनी

श्टुटगार्टच्या त्या वोनहाइममध्ये, म्हणजे मुलींच्या वसतिगृहात, माझ्या खोलीत जावाची एक मुलगी होती. तिनं पहिल्याच आठवड्यात माझं नाव ठेवलं, आनी-आनी. ती मला नावं ठेवते आहे, असंच मी धरून चालले.

त्याला कारण होतं. जर्मन बोलताना शब्द अडला की माझ्या तोंडून "आणि... आणि..." असं निघायचं. शाळेत सगळं इंग्लिशमधून झालेलं, नन्सच्या धाकात. तरी अडल्यावर वर यायची ती मराठीच. शिवाय माझा ण कच्चा. कॉन्व्हेंटमध्ये त्याची कुणी फिकीर केली नव्हती. तेव्हा ऐकणाऱ्याला ते आनी-आनीच वाटत असणार. तिनं पहिल्यांदा ऐकलं आणि पलंगावर लोळून हसली. मग ती मला त्याच नावानं हाक मारू लागली, जिन्यातून, न्हाणीघरातून, ट्रामच्या थांब्यावरून.

मी दोघींच्या फळीवरचा माझा चहाचा डबा माझ्या कपाटात नेऊन ठेवला.

एकोणीसशे साठ नुकतं उलटलं होतं. मी रसायनशास्त्र शिकत होते, ती शेतकी. गावाचा विषय निघाला की तिला थांबवणं अवघड. गावाला ती देसा म्हणायची. आमचा देश केवढा, आणि तिचा चाळीस घरांचा. ज्वालामुखीच्या उतरणीवर पायऱ्यापायऱ्यांची भातशेती, बांबूच्या नळ्यांतून एका खाचरातून दुसऱ्यात जाणारं पाणी, पाण्याच्या पाळ्या ठरवणारा एक म्हातारा आणि त्याच्याशी रोज भांडणारी तिची आत्या. भाताच्या देवीचं नाव श्री. आमच्याकडची श्री लग्नपत्रिकेच्या डोक्यावर असते. तिच्याकडची शेतात राहायची आणि लवकर घाबरायची.

जुलैत तिला विभागापुढे रेफेरात, म्हणजे लिहून आणलेलं भाषण, द्यायचं होतं. विषय होता 'माझ्या गावाचं उद्या'. त्यावरून तिच्या श्टिपेन्डियुमचं, म्हणजे शिष्यवृत्तीचं, तिसरं वर्ष ठरणार होतं. ते मिळालं तर ती बियाण्यांचं काम शिकून गावाजवळच्या बीजकेंद्रात जाणार होती. नाही मिळालं तर सप्टेंबरात बोट, आणि राजधानीतल्या एखाद्या कचेरीतलं टेबल. "तिथल्या खिडकीतून दुसरी कचेरी दिसते," ती म्हणायची.

टाइपरायटर माझ्याकडे होता. ती येरझाऱ्या घालत सांगायची, मी टाइप करायचे. बायकांच्या कापणीपाशी आली आणि म्हणाली, "बायका कापतात मिट आनी-आनी." 'मिट' म्हणजे मराठीतलं 'ने'. मला वाटलं, वाक्याच्या मध्येच मला चिडवते आहे. तोंड न वळवता मी 'आनी-आनी' हे दोन शब्द गाळले, 'मिट' तसाच ठेवला. पुढेही जिथे जिथे आले तिथे गाळले. एकूण सात वेळा.

जर्मन भाषा अशी की तरीही वाक्य बिघडलं नाही. 'मिट' शेवटी आला की त्याचा अर्थ होतो 'सोबतीनं'. माझ्या कागदावर बायका कापणीला नुसता हातभार लावत होत्या. कुणाच्या, कशानं, याचा पत्ता नव्हता.

शनिवारी प्रोफेसरांकडून प्रत परत आली. समासात लाल पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'मग कापतं कोण? कशानं? मुद्दाच राहिला.' रेफेरात सोमवारी होतं.

ती कागद घेऊन माझ्यापुढे उभी राहिली.

"सातही खाल्लेस? भूक लागली होती का?"

"तू मला चिडवतेस म्हणून," मी म्हणाले. दोन महिन्यांतलं माझं ते सगळ्यात लांब वाक्य असावं.

"मी? कधी?"

"मी अडखळते, त्याची नक्कल करतेस. 'आणि' हा आमचा शब्द, जर्मनमधला 'उंड'."

तिनं पलंगाखालून ट्रंक ओढली आणि कपड्यांच्या तळातून रुमालात गुंडाळलेली एक वस्तू काढून माझ्या हातावर ठेवली. तळहाताएवढी पातळ फळी, तिच्या कडेला बसवलेलं बोटभर पातं, आणि मागे धरायला बांबूची आडवी कांडी.

"ही आनी-आनी," ती म्हणाली. "विळा पाहिला की श्री घाबरते. म्हणून बायका ही मुठीत लपवतात आणि एकेक लोंबी कापतात. तुझ्या तोंडून ऐकलं तेव्हा मला वाटलं, या मुलीला हे कसं ठाऊक? मग कळलं, हिला काहीच ठाऊक नाही. तरी नाव बरोबर बसलं. लहान, गप्प, मुठीत लपलेली."

"आणि धार?"

"ती आज दिसली."

रविवारी आम्ही ट्रामनं शेवटच्या थांब्यापर्यंत, गेर्लिंगेनला गेलो. तिथे जव पिकला होता. तिला हात पुन्हा बसवायचा होता आणि दाखवायला ओंब्या हव्या होत्या. बांधावर सायकल टेकवून शेताची मालकीण आली. साठीची, डोक्याला रुमाल.

"माझ्या शेतात काय चाललंय?"

माझ्या सोबतिणीनं सगळं सांगितलं. बाईंनी आनी-आनी मागून घेतली, दहा-बारा ओंब्या कापल्या आणि कंबर धरून हसल्या. "अहो, या वेगानं नाताळ येईल. पण माझी आई विळ्यानं कापायची तेव्हा आम्ही सगळ्या ओळीनं असायचो. गावातली प्रत्येक बातमी त्या ओळीत कळायची. आता मुलगा यंत्रावर बसतो. मी डबा घेऊन येते तर मी हाक मारलेलीही त्याला ऐकू येत नाही." जाताना त्यांनीच एक मोठा झुपका हातात दिला.

सोमवारी ती छान बोलली. आनी-आनीनं कापताना प्रत्येक लोंबी बाईच्या डोळ्यांसमोरून जाते. हिरवी मागे ठेवता येते, भरलेली बियाण्याला बाजूला काढता येते. गावात यंत्र येईल तेव्हा येवो. पण बियाणं कोणतं चांगलं, हे त्या बायकांना विचारूनच ठरलं पाहिजे, आणि ते विचारायला तिला परत जायचं होतं.

प्रोफेसरांनी जुनी प्रत उचलली. "सगळा मुद्दा या हत्यारावर आहे. मग यात त्याचं नावसुद्धा का नाही? की ते शनिवारनंतर सुचलं?"

तिनं टेबलावरच्या ओंब्या सरळ केल्या. माझं नाव ती सांगणार नाही, हे मला दिसलं. मी मागच्या बाकावरून उठले.

"चूक माझी आहे," मी म्हणाले. "टाइप मी केलं. मला वाटलं, ती मला चिडवते. कारण मी बोलताना अडले की... आणि... आणि..."

आणि खरोखरच अडले.

प्रोफेसरांनी टेबलावरची आनी-आनी उचलली आणि अगदी गंभीरपणे माझ्यापुढे धरली. "घ्या. दोनदा मागितलीत."

सगळे हसले. मीही हसले, आणि ती तर टेबलाला धरून. हसू ओसरल्यावर प्रोफेसर म्हणाले, "गेनाऊ, अगदी बरोबर. आता कळलं." लाल पेन्सिलीनं त्यांनी सातही ठिकाणी तो शब्द स्वतः लिहिला. स्पेलिंग तिला विचारून.

गुरुवारी तिसऱ्या वर्षाचं पत्र आलं. तिनं ते जिन्यातूनच ओरडून वाचलं, पुढे माझं नाव जोडून. मी कपाट उघडलं, चहाचा डबा परत फळीवर ठेवला आणि आधण चढवायला गेले.