गुंत्याचा टोप

टोपमास्तरांच्या डोक्यावर औषधालाही केस नव्हता, आणि त्यांचा धंदा होता दुसऱ्यांच्या डोक्यावर केस चढवण्याचा. यावर करता येण्याजोगे सगळे विनोद स्टुडिओतल्या लोकांनी कधीच करून टाकले होते. मास्तर मात्र प्रत्येक विनोदाला पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसत. हसायला त्यांचं काय जात होतं? ते टक्कल म्हणजे त्यांची आयुष्यभराची कमाई होती.

विशी उलटेपर्यंत त्यांच्या डोक्यावर असं घट्ट वळलेलं, दाट रान होतं की त्यात फणी शिरली की तिचे दोन-चार दात कामी आल्याशिवाय राहत नसत. पूर्वज कधीतरी जहाजातून आलेले. कुठल्या किनाऱ्यावरून आले, स्वतःहून आले की कुणी धरून आणले, हे सांगणारं घरात कुणी उरलं नव्हतं. पुढच्या सगळ्या पिढ्या इथेच जन्मल्या आणि इथेच मातीत गेल्या. मास्तर रंगाने सावळे, पण तसं निम्मं शहर सावळं. नाकीडोळी चारचौघांसारखे. चुगली करायचे ते फक्त केस. "मूळचे कुठले हो तुम्ही?" असं दुकानदार विचारायचा, शेजारी विचारायचे, बसमध्ये बाजूला बसलेला अनोळखी माणूसही विचारायचा. इथलाच, असं सांगितलं की समोरचा समजूतदारपणे मान हलवून म्हणायचा, "ते झालं, पण मूळचे?"

मग तिशीच्या आत केस गेले आणि त्यांच्याबरोबर तो प्रश्नही गेला. टक्कल पडलं की लोक तेलं चोळत बसतात. मास्तरांना टक्कल पडलं आणि ते या शहराचे झाले. ओळखीपाळखीने लग्न जमलं. आईवडील तोवर गेलेले, जुने फोटो कुठल्याशा ट्रंकेच्या तळाशी. बायकोला खरी गोष्ट कळली ती लेक जन्मल्यावर, कारण महिन्याभरात पोरीच्या डोक्यावर तेच रान उगवलं. तेव्हा मास्तरांनी बायकोला सगळं सांगितलं, आणि पोरीला मात्र सांगायचं नाही असं कबूल करून घेतलं. लेक मोठी झाली आणि विचारू लागली, माझे केस कुणावर गेलेत? मास्तर म्हणाले, आईच्या एका लांबच्या मावशीवर. असं सगळं खापर बायकोच्या माहेरावर फुटलं. ती नवऱ्याला एकदाच म्हणाली की आमच्याकडे अशी मावशी नाही, आणि असती तर मी ती लपवली नसती. मास्तर त्या दिवशी जेवण झाल्यावर न सांगता भांडी घासायला बसले.

स्टुडिओच्या मागच्या अंगाला त्यांची खोली होती. खिडकीखाली लांब टेबल, त्यावर लाकडी डोक्यांची रांग, आणि प्रत्येक डोक्यावर ताणलेली बारीक जाळी. आकड्याच्या सुईने एकेक केस त्या जाळीत गाठवायचा, हे काम. कुणाला कसले केस द्यायचे हे धंद्यात पूर्वीच ठरलेलं होतं. राजाला, नायिकेला, न्यायाधीशाला आणि सोशिक सुनेला सरळ, रेशमी. दिराच्या कानात विष ओतणाऱ्या बाईला लाटालाटांचे. चोर-दरोडेखोरांना कुरळे. आणि गच्च वळलेले, गुंतलेले केस विनोदी नोकराला. हे नियम मास्तरांनी केले नव्हते, पण त्यांच्याइतके इमानदारीने ते कुणी पाळलेही नव्हते. पोटापाण्याच्या कामात डोकं फार चालवू नये, असं ते म्हणत, आणि समोरच्या लाकडी डोक्यांचा त्याला विरोध नसे.

एक दिवस दिग्दर्शक खोलीत आले. नवी मालिका होती, घरंदाज कुटुंबाची, आणि त्यात एक नोकर. त्याचं नाव गुंत्या. नटाने तोंड उघडायच्या आधीच लोक हसले पाहिजेत, असा टोप त्यांना हवा होता. मास्तरांनी नायलॉनचा करून दाखवला. दिग्दर्शक म्हणाले, ही तर भांडी घासायची तारेची घासणी झाली, यात जीव नाही. ते शब्द मास्तरांना लागले. कारागिराला आईवरून बोललेलं चालेल, पण कामात जीव नाही म्हणू नये.

जीव असलेले केस घरातच होते. लेक आजारातून उठली तेव्हा बायकोने तिचे केस कापले होते, आणि इतका उत्तम माल कचऱ्यात जाऊ देणं मास्तरांच्या हाताला जमलं नव्हतं. त्यांनी ते धुऊन, कापडी पिशवीत जपून ठेवले होते. आता ते लेकीकडे मागायला गेले. तिने विचारलं, कुणासाठी? त्यावर मास्तर पटकन बोलून गेले, "राजासाठी."

लेक हरखली. ज्या केसांत वर्गातली मुलं पेन्सिली खोचून किती टिकतात ते बघायची, ते केस आता राजाच्या डोक्यावर चढणार होते. तिने ही बातमी सगळ्या वर्गाला सांगितली, शिवाय शेजारच्या वर्गालाही. मास्तरांना हे बायकोकडून कळलं, तेव्हा टोप अर्धा विणून झाला होता. तो त्यांच्या हातून झालेला सगळ्यात सुंदर टोप होता, हेही खरं.

मालिका सुरू झाली. गुंत्याचं काम करणारा नट शिकलेला, गोरा आणि सरळ केसांचा. तो तोंडाला काजळी फासायचा, वर टोप चढवायचा आणि पहिल्याच प्रवेशात हातातल्या बशांसकट जिन्यावरून पडायचा. मग तो आपल्या मुलखाची म्हणून एक भाषा बोलायचा. ती लेखकाने बसची वाट बघत असताना बनवली होती. घराघरांतून लोक हसून लोळले. दप्तरांवर गुंत्या आला, डब्यांवर गुंत्या आला, कोपऱ्याकोपऱ्यावर नायलॉनचे गुंत्या-टोप विकायला आले. एका मोठ्या समीक्षकाने लिहिलं की गुंत्याच्या रूपाने निरागसता पडद्यावर परतली आहे.

लेकीच्या शाळेत तर निरागसतेला ऊत आला. हिचेच केस आहेत ते, हे सगळ्यांना ठाऊक होतं, तिनेच तर सांगितलं होतं. संमेलनात बाईंनी तिला गुंत्याचं काम दिलं. टोपाचा खर्च वाचतो म्हणाल्या, आणि त्यात त्यांच्या मनात खरंच काही वाईट नव्हतं. लेक घरी येऊन एवढंच म्हणाली की बाबा, राजा कधी येणार? आपण काय केलं हे त्यांना पुरतं कळलं होतं, आणि तरी तोंडातून निघालं की अजून शूटिंग व्हायचंय.

पुढे काही कॉलेजच्या मुलांनी वाहिनीच्या दारात फलक धरले. 'त्या लोकांची' ही टवाळी आहे, असं त्यांचं म्हणणं. 'ते लोक' म्हणजे नक्की कोण हे फलक धरणाऱ्यांना सांगता येत नव्हतं, वाहिनीलाही येत नव्हतं, पण जाहिरातदार घाबरले आणि गुंत्याला काढायची भाषा सुरू झाली. दिग्दर्शक डोकं धरून मास्तरांच्या खोलीत बसले. 'त्या लोकां'पैकी एखादा तरी आपल्या बाजूने उभा राहिला तर निभावेल म्हणाले, पण असा माणूस आणायचा कुठून? मालिका गेली तर ही खोलीही जाईल, असं जाता जाता बोलले.

"मी त्यातलाच आहे," मास्तर म्हणाले. घराबाहेर जन्मात पहिल्यांदा म्हणाले, आणि तेही अशा वेळी.

दिग्दर्शकांनी त्यांना मिठीच मारली. पत्रकारांना बोलवायचं ठरलं. टोप त्यांच्याच माणसाने केला, त्यांच्याच लेकराच्या केसांचा केला, मग अपमान कुणी कुणाचा केला? लेकीलाही आणा म्हणाले. मास्तरांनी एकच अट घातली. केस लेकीचे हे सांगा, पण ते तिला कुणाकडून आले हा विषय तिच्यासमोर निघता कामा नये. आपला बाप सगळं जाणून गप्प बसला, हे तिला कळायला नको होतं. बाकी काय वाटेल ते होवो. दिग्दर्शकांनी छातीवर हात ठेवून शब्द दिला, आणि हा हात त्यांनी अनेक ठिकाणी ठेवलेला होता.

मालिकेतल्या दिवाणखान्याच्या सेटवरच खुर्च्या मांडल्या होत्या. टेबलावर लाकडी डोकं, त्यावर टोप, शेजारी मास्तर आणि पलीकडे लेक. लेकीला सांगितलं होतं की सत्कार आहे; मास्तर 'त्या लोकां'पैकी हे फक्त पत्रकारांना वाटलेल्या कागदावर होतं. दिग्दर्शकांनी भाषण केलं, पुष्पगुच्छ झाला, आणि पहिल्या रांगेतली एक पत्रकार बाई उठली.

"हे गृहस्थ त्यांच्यातले वाटत नाहीत," ती म्हणाली. "कशावरून मानायचं?"

सगळ्यांनी मास्तरांच्या चकचकीत डोक्याकडे पाहिलं. दिग्दर्शकांना आपला शब्द आठवलाही असेल, पण कॅमेरे त्याहून जवळ होते. त्यांनी टोप उचलून मास्तरांच्या हातात दिला.

"मास्तर, घाला जरा. म्हणजे लोकांना कळेल."

मास्तरांच्या मनात आलं की नाही म्हणावं. मग खोली आठवली, घर आठवलं, आणि भित्र्या माणसाचं होतं तेच झालं. सवयीच्या हातांनी टोपाची कड कपाळावर टेकवली, मागे ओढली, कानांपाशी दाबली. दुसऱ्यांच्या डोक्यावर एवढे टोप चढवले, स्वतःच्या डोक्यावर हा पहिला. सगळे खो खो हसले. कुणाच्या मनात वाकडं नव्हतं. ते केस दिसले की हसायचं, ही सवय आता अंगात मुरली होती. कॅमेऱ्यांसाठी समोर लावलेल्या पडद्यावर मास्तरांना स्वतःचा चेहरा दिसला, आणि तो त्यांच्या वडिलांचा होता.

लेक हसत नव्हती. ती टोपाकडे बघत नव्हती, त्याच्या खालच्या चेहऱ्याकडे बघत होती.

"माझे केस तुमच्यावर गेलेत," ती म्हणाली. तिच्यासमोरचा माइक चालू होता.

"हो."

"मावशीवर नाही."

"नाही."

"म्हणजे तुम्हाला सगळं माहीत होतं." तिचा आवाज चढला नव्हता. "मला शाळेत गुंत्या म्हणतात. तुम्हाला काय म्हणायचे?"

ते नाव मास्तरांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. तोंडात आयती थाप तयार होती, नेहमी असायची. पण लेकीच्या तोंडाकडे बघून ती बाहेर येईना.

"काथ्या," ते म्हणाले.

पुन्हा हशा पिकला, मघापेक्षा मोठा. दिग्दर्शक खुशीत येऊन मागे बसलेल्या लेखकाकडे वळले. "काथ्या! गुंत्याचा धाकटा भाऊ. पुढच्याच आठवड्यात आणू."

लेकीने माइक ओढून तोंडापाशी घेतला.

"ते नाव मिळणार नाही," ती म्हणाली. "ते माझ्या बाबांचं आहे."

यावर कुणी हसलं नाही. लाज वाटली म्हणून नव्हे, हसायचं की नाही हे कुणी ठरवून दिलं नव्हतं म्हणून. मास्तर उठले आणि त्यांनी लेकीपुढे हात केला. तिने तो लगेच धरला नाही. बराच वेळ त्याच्याकडे बघितलं, आणि मग धरला. मागून दिग्दर्शक टोप परत मागत होते, उद्या शूटिंग आहे म्हणत होते. मास्तरांनी लेकीला विचारलं, "केस तुझे आहेत. काय करू?"

"राहू देत," ती म्हणाली.

दोघं समोर दिसलं त्या दारातून निघाले. पण ते दार सेटचं होतं, त्याच्या मागे नुसत्या फळ्या रचलेल्या होत्या. तेव्हा त्यांना वळून परत सगळ्या माणसांच्या मधून जावं लागलं, आणि मास्तर गेले, टोपासकट.