दोरीपलीकडचा पाहुणा

इस्त्रीताईला राग यायला कारण लागत नाही, असं हॉटेलातले लोक म्हणतात. ते साफ खोटं आहे. कारण लागतं, फक्त ते तिला रोज मिळतं. कुणी ओली चादर चुरगळलेलीच रोलरमध्ये सरकवली, कुणी उशीच्या अभ्र्यात ओला टॉवेल कोंबून खाली पाठवला, मॅनेजरसाहेबांनी तळघरातला पंखा काढून वरच्या लॉबीत लावला, की तिचं तोंड सुटलंच. समुद्रकाठच्या त्या बड्या हॉटेलच्या तळघरातल्या धोबीखान्यात तिची अर्धी हयात गेली. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत भाजल्याचे डाग आहेत. पण तिने घडी घातलेली चादर पलंगावर उलगडली की मधोमध एकच सरळ रेघ दिसते, आणि त्या रेघेकडे बघून मॅनेजरसाहेब तिची बडबड मुकाट ऐकून घेतात.

साथ आली तेव्हा बेटाने दारं लावून घेतली. विमानं बंद, बोटी बंद, हॉटेल ओस. ताई घरी बसली, आईच्या उशाशी. आईला गादीवरून दारातल्या खुर्चीपर्यंत जायला ताईचा खांदा लागायचा, आणि तेवढ्या वाटेतही आता ती दोनदा थांबायची. डॉक्टरीणबाईंनी अंगणातूनच तपासल्यासारखं केलं आणि ताईला बाजूला घेऊन सांगितलं, "ज्यांना बोलवायचंय त्यांना बोलवून घ्या. लांबवू नका."

बोलवायचं होतं एकालाच, धाकट्याला. ताईचा हा भाऊ कैक वर्षांपूर्वी परदेशी गेला, तिथेच लग्न केलं, पोरंबाळं झाली, आणि एक दिवस त्याने तिथला पासपोर्टही घेतला. तेव्हा ताईने फोनवर त्याची चांगलीच हजेरी घेतली होती. आई मात्र एवढंच म्हणाली होती, "कागद बदलला म्हणून पोरगा बदलतो का गं?"

मग एके दिवशी सरकारने दारं किलकिली केली. आपल्या माणसांसाठी नव्हे, पर्यटकांसाठी. रेडिओवर नियम वाचून दाखवत होते आणि ताई भांडी घासता घासता ऐकत होती. निघण्याआधी तपासणी, उतरल्यावर तपासणी. मंजूर हॉटेल, मंजूर किनारा, मंजूर बोट, मंजूर गोल्फचं मैदान, मंजूर गाइड. कुणाच्या घरी उतरायचं नाही, नातेवाइकांना भेटायचं नाही. परदेशी पासपोर्टवाला तो पाहुणा, मग त्याचा जन्म याच गल्लीत का झालेला असेना.

"म्हणजे मासे बघायला आला तर चालेल," ताई रेडिओवर खेकसली, "आणि आई बघायला आला तर नाही!"

साथ खोटी आहे म्हणणाऱ्यांतली ती नव्हती. अशा लोकांना ती दारातही उभं करत नसे. तोंडाला फडकं बांधल्याशिवाय आईजवळ जात नसे. तिची तळपायाची आग मस्तकात गेली ती वेगळ्याच गोष्टीने. धाकट्यासाठी परवानगी मागायला गेली तेव्हा प्रवेश कचेरीतल्या काचेमागच्या बाबूला तिने सरळ विचारलं, "गोल्फच्या मैदानावर हा रोग चावत नाही का? आमच्या दारातच बरा दबा धरून बसतो!"

"बाई, नियम सगळ्यांना सारखे आहेत," बाबू म्हणाला.

"सारखे? तुमची आई कुठे असते?"

"घरी."

"मग संध्याकाळी जाल ना तिच्याकडे? मग कसले सारखे?"

बाबूने पुढच्या माणसाला बोलावलं.

शेवटी धाकटा पर्यटक होऊन आला. नातेवाइकांना भेटणार नाही, अशी सही करून आला आणि ताईच्याच हॉटेलात उतरला. नियम मोडला तर दंड, परतीचं विमान आणि पुन्हा कधीही प्रवेश नाही. वर समुद्राकडे तोंड केलेली त्याची खोली, खाली तळघरात पुन्हा कामावर लागलेली ताई. ज्या चादरीवर तो झोपायचा ती तिच्या हाताखालून गेलेली, पण कामगारांनी पाहुण्यांच्या मजल्यावर फिरकायचं नाही. एकाच इमारतीत राहून बहीणभाऊ फोनवर बोलत.

"खिडकीतून आपल्या टेकडीचं टोक दिसतं गं ताई," तो म्हणाला.

"टोकच बघ," ताई म्हणाली. "टेकडीखाली आई आहे. तिला बघायला मंजुरी नाही."

त्याने फोनवरून आईला तोंड दाखवलं होतं, पण आईला पडद्यावरचं दिसत नसे. ती फोन कानालाच लावायची आणि म्हणायची, "प्रत्यक्ष कधी येतोस?" धाकट्याची सुट्टी उतरणीला लागली होती.

त्याच सुमारास मॅनेजरसाहेब डोकं धरून बसलेले ताईला दिसले. पाहुण्यांच्या मंजूर सहलींमध्ये एक 'बेटावरचं घर' नावाची सहल होती. गाडीतून जायचं, खऱ्याखुऱ्या बेटकऱ्याचं घर बघायचं, फोटो काढायचे, परत यायचं. आजवर ज्यांचं घर दाखवत, त्यांनी साथीच्या भीतीने नकार कळवला होता.

ताई जागच्या जागी थबकली. म्हणजे घरी जायची बंदी नव्हती तर! घर आपलं असलं तर बंदी, तमाशा असला तर परवानगी. तिला इतका संताप आला की डोळ्यांपुढे अंधारी आली. तो तिने गिळला आणि आयुष्यात पहिल्यांदा मॅनेजरसाहेबांशी गोड आवाजात बोलली, "साहेब, आमचं घर दाखवा की. आई आहे म्हातारी. फोटो छान येतील."

साहेबांचा चेहरा खुलला. धाकट्याने लगेच त्या सहलीत आपलं नाव घातलं. आरोग्य खात्याचा माणूस येऊन अंगण बघून गेला. अंगणात दोरी बांधायची, पाहुणे दोरीपलीकडे, घरचे अलीकडे, बोलायचं ते फक्त गाइडने. दोरी कुठून आणायची? ताईने कपडे वाळत घालायचीच दोरी सोडली आणि फाटकाच्या खांबापासून झाडापर्यंत स्वतःच्या हाताने ताणून बांधली. गाठ मारताना ती सगळ्या सरकारला शिव्यांची लाखोली वाहत होती.

"ओळख दाखवायची नाही," तिने आईला बजावलं. "नुसतं डोळे भरून बघायचं. तोंडातून शब्द काढलास तर त्याला हाकलतील."

"नाही काढत," आई म्हणाली. तिने ठेवणीतली शाल काढायला लावली, केस दोनदा विंचरून घेतले आणि सकाळपासून खुर्चीत बसून राहिली.

गाडी आली. मास्क लावलेले, टोप्या घातलेले पाहुणे एकापाठोपाठ उतरले आणि दोरीशी रांगेत उभे राहिले. धाकटा टोकाला होता. तो थोडा वाकला होता. गाइडबाई परक्या भाषेत उत्साहाने सांगू लागल्या, हे दार, ही चूल, ही घरातली वडीलधारी बाई, बेटावर म्हाताऱ्या माणसांना कसं मानतात वगैरे. फोटो निघू लागले. कुणीतरी आईला हात हलवायला सांगितलं आणि आईने बिचारीने हलवला. दारात उभ्या ताईच्या अंगाची लाही लाही होत होती. ही कल्पना आपलीच, हे आठवून तर जास्तच.

आईची नजर रांगेवरून हळूहळू फिरली. सगळे सारखेच दिसत होते. मग धाकट्याने डोक्यावरची टोपी काढली. एवढंच केलं त्याने. कपाळ मोठं झालं होतं, पण आई खुर्चीत पुढे सरकली.

"जेवलास का रे?" ती म्हणाली.

ताई दारातून एक पाऊल पुढे आली. गाइडबाई मात्र खूश. त्यांनी पाहुण्यांना सांगितलं, बघा, या लोकांचं स्वागत असं असतं, जेवलात का विचारतात. पाहुण्यांनी कौतुकाने माना डोलावल्या. आई तशीच बघत राहिली, उत्तराची वाट पाहत. धाकटा गाइडबाईंकडे वळला आणि परक्या भाषेत काहीतरी पुटपुटला.

गाइडबाई आईला म्हणाल्या, "आजी, ते म्हणतात, जेवलो."

इथे ताईचा बांध फुटला. पोटच्या पोराने आईला 'जेवलो' म्हणायला दुभाषी लागावा! ती तरातरा झाडापाशी गेली आणि स्वतः मारलेली गाठ एका हिसक्यात सोडली. दोरी मातीत पडली.

"पाहुणा नाही तो!" ती ओरडली. "मुलगा आहे तिचा! नवस करून झालेला! काढा फोटो, काय काढायचेत ते काढा! आणि तू रे, उभा काय राहिलास? ये!"

आईने हात पुढे केला. चार पावलांचं अंतर होतं. धाकट्याने मातीत पडलेल्या दोरीकडे पाहिलं, गाइडबाईंच्या गळ्यातल्या सरकारी बिल्ल्याकडे पाहिलं, फाटकाबाहेरच्या गाडीकडे पाहिलं. त्याचे डोळे वाहत होते, मास्क भिजला होता. एक पाय त्याने उचललाही.

तो त्याने पुन्हा होता तिथेच ठेवला.

ताईच्या तोंडात शिव्यांची कधी वाण नसते. त्या क्षणी तिला एकही सापडली नाही. तिला त्या काचेमागच्या बाबूचा राग आला, सरकारचा आला, साहेबांचा आला, आणि या सगळ्यांहून जास्त त्या एका पायाचा आला.

आईचा हात बराच वेळ तसाच होता. मग तिने तो मांडीवर घेतला, शाल नीट केली आणि मान वळवून गाइडबाईंकडे पाहिलं.

"बाई," आई म्हणाली, "पाहुण्यांना सांगा, आलात, बरं वाटलं. सावकाश जा म्हणावं."

ते भाषांतर गाइडबाईंनी केलं नाही. ज्याला कळायचं त्याला कळलं होतं.