टॉनिकवाला आणि काकूंचं वावर

कृषी केंद्रात शिरलं की पिकाच्या टॉनिकच्या बाटल्यांचा तो आंबूस, गुळमट वास येतो आणि आमच्या व्हॉट्सॲपवरच्या कापूस ग्रुपच्या ॲडमिन काकू आठवतात. ग्रुपवर पिकाचे फोटो टाकून सल्ला विचारायचा, एवढाच नियम होता. पण जाम गावाकडचा एक टॉनिकवाला दिवसातून दहादा ‘बोंडं दुप्पट’ अशी जाहिरात टाकायचा आणि कुणाच्या अळीचा फोटो त्याखाली गडप व्हायचा. मी वैतागून म्हणालो, “काकू, काढून टाका ना त्याले!” त्या म्हणाल्या, “काढला त दुसऱ्या नंबरानं येईन. त्याले वावरातच बोलावू.” आणि खरंच बोलावलं. तो ऐटीत पाठीवर पंप अडकवून आला. काकूंनी त्याला आधी चहा पाजला, कपाशीच्या दोन ओळी फवारायला दिल्या, शेजारच्या दोन तशाच ठेवल्या आणि सांगितलं, “दर आठवड्याले येजो, बोंडं तूच मोजजो, अन् जे दिसन ते ग्रुपवर तूच लिहिजो. तोवर जाहिरात बंद.” तो दीड महिना येत राहिला. शेवटी त्यानंच लिहिलं, “दोन्हीकडं बोंडं सारखीच हायेत. टॉनिकचा काई फरक नाई.” सगळे तुटून पडले, हाकला म्हणाले. काकूंनी एवढंच लिहिलं, “राहू द्या. आपल्याच मालाबद्दल खरं सांगणारा आपल्यात दुसरा कोन हाये?” काकूंनंतर आता ॲडमिन मी आहे, आणि कुणी अळीचा फोटो टाकला, की पहिलं उत्तर त्या टॉनिकवाल्याचंच येतं.